बासचा बेल्ट किती लांब?

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला गेलात की तुमचं लक्ष कुठे असतं? गाणाऱ्याकडे. फार तर ढोलकीवाल्याकडे, नाहीतर ऑक्टोपॅड बडवणाऱ्याकडे. पण मागे एका कोपऱ्यात लांबलचक दांड्याची, चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून एकजण शांतपणे उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो थांबला की मात्र गाण्यातली हवाच निघून जाते! हा बास गिटारवाला. पुढच्या वेळी आपल्या पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात किंवा गणपतीच्या मांडवात असा कार्यक्रम असेल, तेव्हा एक गंमत करा. त्याची गिटार कुठे लोंबतेय ते बघा. छातीशी? बेंबीशी? की पार गुडघ्यापाशी?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? बेल्ट आहे, अडकवला गळ्यात, संपलं! पण तसं नाही. त्या बेल्टच्या दोन-चार भोकांच्या फरकाने चांगला वाजवणारा अडखळतो आणि कधी कधी त्याचा हातही दुखावतो.

आमच्याच गल्लीतल्या एका नववीतल्या मुलाचं सांगते. वाढदिवसाला त्याने हट्टाने बास गिटार घेतली. भिंतीवर परदेशी बँडचं पोस्टर, त्यातल्या वादकाची बास मांडीच्या खाली. मग ह्याचीही तशीच! दोन महिने रोज तासभर सराव चालला. मग रात्री डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. आईचं म्हणणं, गिटार विकून टाका. बाबांचं म्हणणं, अभ्यास चुकवायचं निमित्त आहे. डॉक्टरांनी मनगट तपासलं, काही दिवस विश्रांती द्यायला सांगितली आणि मग विचारलं, "वाजवताना हात कसा धरतोस, दाखव बरं." गिटार घरी होती, म्हणून त्याने रिकाम्या हातांनीच दाखवलं. डावं मनगट असं दुमडलेलं, की हात नळाच्या तोटीसारखा दिसावा. डॉक्टर म्हणाले, "गिटार विकू नका. वर घ्या."

आता हे असं का होतं, ते तुम्ही स्वतःच्या हातावर आत्ता करून बघू शकता. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. जमलं? आता मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण दुमडा आणि तशीच मूठ आवळा. जमत नाही ना! बोटं अर्ध्यावरच अडतात, जोरही येत नाही. कारण बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे निघतात आणि मनगटातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. त्या बोगद्यात नऊ कंडरे आणि एक मज्जातंतू, असे दहाजण दाटीवाटीने बसलेले असतात. सकाळच्या आठच्या लोकलसारखे! मनगट दुमडलं की बोगदा आणखी आवळतो. कंडरे घासतात आणि मज्जातंतू दबतो. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना जाणीव पुरवणारा हाच तो तंतू. म्हणून मुंग्या नेमक्या तिथेच येतात.

बास गिटारमध्ये हे जास्त जाणवतं, कारण ती साध्या गिटारपेक्षा लांब असते. सर्वात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. इतका खालचा सूर लावायचा तर तार लांब आणि जाड हवी. नेहमीच्या बासमध्ये तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर भरते. इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीस इंचांच्या आसपास. म्हणून पडद्यांमधली, म्हणजे फ्रेट्समधली, अंतरंही मोठी. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर आणि करंगळी चौथ्यावर ठेवायची, तर बासवर १३ सेंटिमीटर पंजा ताणावा लागतो. गिटारवर जेमतेम १० सेंटिमीटर. पट्टी घ्या आणि आपला पंजा मोजून बघा. सहावी-सातवीतल्या मुलांना हा ताण किती पडत असेल, ते लगेच कळेल.

ही अडचण तशी नवी. पूर्वी खालचे सूर वाजवायला माणसापेक्षाही उंच असा डबल बास असायचा, जमिनीवर टेकवलेला. त्याला बेल्ट कशाला हवा? १९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि तो जमिनीवरचा बोजा माणसाच्या खांद्यावर आला. (त्याच्याआधी १९३० च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्कने अशीच गिटार केली होती, पण ती फारशी चालली नाही.) गंमत म्हणजे फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!

आपल्याकडे मात्र गळ्यात आणि कमरेला वाद्य बांधून तासन्‌तास वाजवण्याची परंपरा जुनी आहे. आषाढी वारीच्या दिंडीत पखवाज्याकडे नीट बघा. पखवाज पोटाशी आडवा असतो, असा की दोन्ही हात कोपरात सहज वाकून दोन्ही तोंडांवर पडतात. तो जरा खाली सरकला की वारकरी चालता चालता पट्टा वर ओढून घेतो. गोंधळी संबळ कमरेला बांधतो, कारण त्याला काठ्या वरून खाली मारायच्या असतात. मिरवणुकीतला ताशेवाला ताशा गळ्यातून पोटावर सोडतो. आणि पनवेल-उरणकडच्या हळदीत, कोळीवाड्यांत वाजणारा बेंजो? तो तर ताटासारखा सपाट, पोटासमोर. एका हाताने वरून बटणं दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या, म्हणून. ह्यातल्या कुणीही आरशासमोर उभं राहून "मी कसा दिसतो" असं बघून पट्ट्याची लांबी ठरवलेली नाही. हात कसा पडतो, त्यावरून ठरली. बासचंही तेच.

फक्त बासमध्ये एक मेख आहे. दोन हातांचं आपसात पटत नाही! बास वर घेतली की डाव्या हाताला आराम, मनगट सरळ. पण उजवा हात गिटारच्या वरच्या कडेवरून खाली लोंबतो आणि उजवं मनगट दुमडतं. बास खाली सोडली की उजवा हात मोकळा आणि सरळ, पण डावं मनगट वाकडं. एकाला खूश केलं की दुसरा रुसतो. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन भावंडांसारखं. त्यामुळे "बरोबर उंची" अशी एक नसते. कुठल्या पद्धतीने वाजवता, त्यावर तडजोड ठरते.

बहुतेकजण उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी आळीपाळीने तारा ओढतात. त्यासाठी मधली उंची चांगली. गिटारचं पोट आपल्या बेंबीच्या आसपास, दांडा जमिनीला समांतर न ठेवता डाव्या खांद्याकडे तिरका वर उचललेला. दांडा असा उचलणं फार महत्त्वाचं. त्याने डावं मनगट सरळ होतंच, शिवाय उजवा हातही तारांवर तिरका पडतो आणि कमी दुमडतो. एका युक्तीत दोन्ही भावंडं गप्प! उजव्या हाताचा कोपर जरा मागे न्या आणि हाताचा भार गिटारच्या कडेवर टाकू नका. कडेने हाताला वळ उठत असेल, तर समजा की भार पडतोय.

पिकने, म्हणजे प्लॅस्टिकच्या त्या तिकोनी चकतीने वाजवणाऱ्यांना थोडी खाली सोडलेली बास आवडते. कारण तिथे बोटं वाकवायची नसतात, हात कोपरापासून खालीवर करायचा असतो. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंक बँड आले, त्यांनी ही लोंबती बास प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या 'जॉय डिव्हिजन' आणि नंतर 'न्यू ऑर्डर'मधला पीटर हुक तर बास जवळजवळ गुडघ्यांपर्यंत सोडतो. मग त्याचं डावं मनगट कसं वाचतं? तो बराचसा दांड्याच्या वरच्या भागात, शरीराजवळच्या फ्रेट्सवर वाजवतो. तिथे अंतरं लहान आणि हात लांब न्यावा लागत नाही. पोस्टरमध्ये नुसती लोंबती गिटार दिसते. हात कुठल्या फ्रेटवर आहे, ते कुणी बघत नाही!

तिसरी पद्धत स्लॅपची, आणि तिची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतला लॅरी ग्रॅहम हा तरुण १९६० च्या दशकात आपल्या आईबरोबर वाजवायचा. आई पियानोवर, हा बासवर. त्यांच्याकडचा ड्रमवाला गेला. आता ठेका कोण धरणार? लॅरीने अंगठ्याने जाड तार ठोकून मोठ्या ड्रमचा 'धप्प' काढला आणि बोटाने बारीक तार उचलून सोडली, तिचा 'टक्क' निघाला. एकाच वाद्यात सूरही आणि तालही! गरजेपोटी सापडलेल्या ह्या युक्तीला पुढे जगभर स्लॅप म्हणू लागले.

स्लॅपमध्ये मनगट वरखाली करायचं नसतं. कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापासूनचा हात गरकन फिरवायचा असतो. अंगठा तारांना समांतर राहावा लागतो. म्हणून बरेच स्लॅपवाले बास वर घेतात, कोपर काटकोनात येईल इतकी. 'लेव्हल ४२'चा मार्क किंग तर बास अगदी छातीशी धरतो. तो मुळात ड्रम वाजवणारा, त्यामुळे ठोकाठोकी त्याच्या हातातच असावी! उलट 'रेड हॉट चिली पेपर्स'चा फ्ली बास खाली ठेवतो आणि अंगठा जमिनीच्या दिशेला करून तारेवर मारतो. दोघांचाही आवाज खणखणीत. तेव्हा इथे वर की खाली ह्यापेक्षा अंगठा आणि मनगट एका रेषेत आहेत का, हे बघावं.

आणि दोन्ही हात दांड्यावर ठेवून टायपिंग केल्यासारखं वाजवायचं असेल, ज्याला टॅपिंग म्हणतात, तर बास वरच हवी. ह्याला दुसरा उपाय नाही.

आता खरी पंचाईत. एकाच कार्यक्रमात एक गाणं पिकने, दुसरं बोटांनी आणि तिसऱ्यात मध्येच स्लॅप. दर गाण्याला बेल्ट बदलत बसणार का? माझं मत विचाराल, तर सगळ्यात कठीण गाणं जिथे आरामात वाजतं, ती उंची धरावी. सोपी गाणी कुठेही वाजतात.

ती उंची शोधायला खुर्चीची मदत घ्या. हात नसलेली, साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्यायची. पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ. बास मांडीवर घेऊन पाच-दहा मिनिटं वाजवा, खांदे सैल होईपर्यंत. बसल्यावर ती आपोआप बऱ्यापैकी चांगल्या जागी येते. आता बेल्ट गळ्यात घालून तो बसल्या जागीच ताठ होईल इतका आवळा आणि उभे राहा. बास तिथल्या तिथेच राहिली पाहिजे. खाली घसरली तर बेल्ट सैल आहे. ही झाली सुरुवातीची उंची. मग एकेक भोक वर-खाली करून आपली पद्धत वाजवून बघा. पहिल्या फ्रेटवर हात न्या, तिथे डावं मनगट दुमडतंय का? आता खांदा कानाकडे चढतोय का? डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या मागे आरामात टेकतोय, की वरून गळपट्ट्यासारखा वळसा घेतोय? आरसा नसेल तर ताईला मोबाईलवर बाजूने फोटो काढायला सांगा. समोरून काढलेल्या फोटोत मनगट कळत नाही.

बसून सराव आणि उभं राहून कार्यक्रम, अशी फारकत मात्र नको. घरी पलंगावर तक्क्याला टेकून शिकलेलं गाणं मांडवात उभं राहिल्यावर हातून निसटतं, कारण हाताचे सगळे कोन बदललेले असतात. तुम्ही कविता पाठ केलीत आणि परीक्षेत ती उलटीकडून लिहायला सांगितली, तसं! बसूनही बेल्ट गळ्यातच ठेवावा.

थोडं आईबाबांसाठी. लाकडी, नेहमीच्या मापाची बास चार किलोच्या आसपास भरते. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार मुलाच्या पाठीवरचं दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं. चाळीस किलोच्या मुलासाठी हे चार किलो. म्हणजे बास त्या मर्यादेवर आहे, आणि तीही दोन नव्हे, एकाच खांद्यावर! म्हणून पहिली बास घेताना ३० इंची, आखूड दांड्याची मिळते का बघा. तिच्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत राहतं, आणि ती सहसा हलकीही असते. "लहान मुलांची आहे" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. 'बीटल्स'च्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास आखूड दांड्याची आणि हलकीच होती. डावखुरा पॉल ती चांगली वर, छातीशी धरून वाजवायचा. ती बास १९७२ मध्ये चोरीला गेली आणि पन्नासएक वर्षांनी सापडून त्याला परत मिळाली. ही बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभर छापून आली.

बेल्टवर पैसे वाचवू नका, एवढं नक्की सांगते. गिटारबरोबर फुकट मिळणारा नायलॉनचा बेल्ट पाच सेंटिमीटर रुंद आणि गुळगुळीत असतो. रुंदी दुप्पट केली की तेच वजन दुप्पट जागेवर पसरतं आणि खांद्यात रुतणं जवळपास निम्मं होतं. आठवी-नववीत शिकवतात ना, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ? तेच. आतली बाजू खरखरीत चामड्याची किंवा सुती असावी. कारण काही बासचा दांडा जड असतो. हात सोडला की तो धाडकन खाली जातो, आणि गुळगुळीत बेल्ट खांद्यावरून सरकून त्याला मदतच करतो. मग बिचारा डावा हात एकीकडे तारा दाबतो आणि दुसरीकडे दांडाही उचलून धरतो. दुकानात बास घेताना बेल्ट लावून उभे राहा आणि दोन्ही हात हळूच सोडा. दांडा जमिनीकडे धावला तर दुसरी बघा.

आणि मुलींनो, बास हे मुलांचं काम असं कुणी म्हणालं तर त्यांना मोहिनी डे हिचं वादन ऐकवा. १९९६ साली जन्मलेली ही मुंबईची मुलगी वडिलांकडून, सुजॉय डे ह्यांच्याकडून, बास शिकली. ए. आर. रेहमान ह्यांच्याबरोबर ती वाजवत आली आहे. २०२३ मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम निघाला. तिच्या स्लॅपचा वेग बघून तोंडात बोट जातं. पण तुम्ही तेवढं बघून थांबू नका. आवाज बंद करा आणि फक्त तिची मनगटं बघा.

अकरा ते पंधरा ह्या वयात उंची भराभर वाढते. जूनमध्ये बरोबर असलेला बेल्ट दिवाळीला आखूड होतो, शाळेच्या पँटसारखा. म्हणून बेल्टच्या आतल्या बाजूला पेनने खूण करून तारीख लिहून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी ती खुर्चीची परीक्षा पुन्हा घ्या. वाजवताना दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं गिटार खाली ठेवा. मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री जाग आणणारं दुखणं असेल, तर बेल्टशी खेळत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

राहता राहिली बेल्ट निसटण्याची भीती. ऐन कार्यक्रमात बेल्ट गिटारच्या खुंटीवरून सुटतो आणि चार किलोचं लाकूड पायावर येतं, असे प्रसंग वादकांना नवे नाहीत. त्यासाठी कुलपासारखे बसणारे स्ट्रॅप-लॉक मिळतात. पण तोवर नळ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात जाऊन जाड रबरी वॉशर आणा. खुंटीवर आधी बेल्ट चढवायचा, मग वरून वॉशर घट्ट बसवायचा. दोन खुंट्यांना दोन लागतात. चार घ्या, एकदोन हरवतातच.